पेढीत आणि घरात लिनक्स बसवायचं तर

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, मोफत आहे ही गोष्ट गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी सांगा. आमच्या सांगलीसारख्या गावात विंडोजसुद्धा बहुतेकांना मोफतच मिळत आलंय. मशीन जोडून देणारा पेनड्राइव्हवरून ते टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत नाही आणि हे बेकायदा आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. अशा ठिकाणी ‘हे घ्या, फुकट आहे’ म्हणत गेलात तर समोरचा विचारतो, ‘मग आत्ताचं कुठं विकत घेतलंय?’

मी मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत पेढ्या, काही दवाखाने आणि बऱ्याच घरांतले कॉम्प्युटर सांभाळते. जिथे जमण्यासारखं असतं तिथे लिनक्स बसवते. लिनक्स मनापासून आवडतं आणि आपल्या गावातल्या चार जणांनी ते वापरावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माणूस ऑपरेटिंग सिस्टीम निवडायला बसत नाही. त्याला सोमवारी सकाळी शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) छापून हवी असते, वीस तारखेच्या आत जीएसटी भरून हवा असतो, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा हे माहीत असायला हवं असतं. या तीन गोष्टींची हमी देता आली तर पडद्यावर काय दिसतं याची तक्रार फारशी कुणी करत नाही. ती देता आली नाही तर तुमची सिस्टीम कितीही सुंदर असू दे, आठवड्याभरात कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि पुन्हा विंडोज टाकून जातो.

आधी दिवसभर शेजारी बसा

पहिल्या भेटीत पेनड्राइव्ह खिशातून काढूच नका. कामाच्या दिवशी सकाळी दिवाणजींच्या शेजारी खुर्ची घ्या आणि ते काय काय उघडतात ते वहीत लिहा. मालकाला विचारून ही यादी मिळत नाही. शेठ म्हणतात, ‘टॅली आणि व्हॉट्सॲप, दुसरं काय?’ आणि प्रत्यक्षात निघतं ते असं: टॅली, गावातल्याच कुणीतरी फॉक्सप्रोत (डॉसच्या काळातल्या डेटाबेस भाषेत) लिहून दिलेला अडतीचा जुना प्रोग्रॅम, एक्सेलमधली उचल-उधारीची फाइल, दोन बँकांच्या वेबसाइट, ई-वे बिल, जीएसटी, व्हॉट्सॲप वेब, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एक लेझर प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीत लावायची किल्ली) आणि मोबाइलमधून काढलेले मालाचे फोटो.

यातलं जे ब्राउझरमध्ये चालतं ते तसंच चालणार, त्यावर टिक करा. बँक, ई-वे बिल, जीएसटी, व्हॉट्सॲप वेब, रेल्वेचं तिकीट, लाइट बिल या सगळ्याला फायरफॉक्स किंवा क्रोम पुरतं. पंधरा वर्षांपूर्वी इंटरनेट एक्सप्लोररशिवाय न उघडणाऱ्या सरकारी साइटींनी आपली वाट अडवली होती. आज ती अडचण बरीच हटलीय, आणि आपल्या बाजूने झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

डिजिटल सहीपाशी मात्र थांबा. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर जीएसटीचं विवरण डिजिटल सहीनेच भरावं लागतं. एकट्याच्या मालकीची पेढी किंवा साधी भागीदारी असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीवर काम होतं. अडत पेढ्या बहुतेक दुसऱ्या प्रकारात बसतात, पण विचारून घ्या. टोकन लागतच असेल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि तो तुमच्या हाताने चालतो का, हे आपल्या घरच्या मशीनवर पाहून मगच शब्द द्या.

टॅली विंडोजसाठी बनलंय. वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या सोयीवर) ते ओढूनताणून चालवण्याच्या नादी व्यवसायाच्या ठिकाणी लागू नका, कारण पुढचं अपडेट आलं की काय होईल याची हमी तुमच्या हातात नसते. माझी पद्धत सरळ आहे. पेढीतलं एक चांगलं मशीन विंडोजवर ठेवायचं, परवाना घेऊन, आणि टॅली त्याच्यावर. बाकीची मशीन लिनक्सवर. दुसऱ्या टेबलावरून टॅली बघायचं असेल तर लिनक्समधल्या रेमिना या प्रोग्रॅममधून त्या मशीनमध्ये शिरता येतं. त्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होममध्ये रिमोट डेस्कटॉपची ती सोय नाही, आणि एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. हे दोन्ही आधीच सांगून ठेवा. चारपैकी तीन मशीन लिनक्सवर गेली तरी ते यशच आहे. चौथ्यासाठी हट्ट धरणाऱ्याची बाकीची तीनही जातात.

फॉक्सप्रोच्या जुन्या डॉस प्रोग्रॅमची गंमत उलटी आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, आणि लिनक्सवर डॉसबॉक्स-एक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बहुतेक वेळा चालतो. त्यात छपाईची सोयही आहे. एका पेढीत लिनक्सला दार उघडलं ते यामुळेच. नवीन मशीनवर अडतीचा प्रोग्रॅम उघडेना, तो लिहून देणारा गाव सोडून गेलेला, आणि शेठना पंधरा वर्षांची खाती डोळ्यांसमोर बंद पडताना दिसत होती.

नाही म्हणायची ठिकाणं

लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्याला लिनक्स सुचवू नका. त्याचं सगळं आयुष्य कोरलड्रॉच्या फाइलींत आहे आणि गिऱ्हाइकं त्याच फाइली पाठवतात. लिनक्सवरचं इंकस्केप उत्तम आहे, मी स्वतः वापरते, पण त्याच्या धंद्याचं चलन ते नाही. ऑटोकॅडवर घराचे नकाशे काढणारे इंजिनियर, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या प्रोग्रॅमवर बसलेली डीटीपीची दुकानं आणि अंगठ्याच्या यंत्रावर आधार पडताळणी करणारी आपले सरकार केंद्रं, यांनाही सध्या तिथेच राहू द्या. घरी मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर तो गेम लिनक्सवर चालत नाही हे पहिल्याच दिवशी त्याला सांगा. नाहीतर संध्याकाळी घरात जो तमाशा होतो त्यात लिनक्सचं नाव कायमचं खराब होतं.

या लोकांना ‘तुमच्यासाठी हे नाही’ असं सांगितलं की ते तुमच्यावर विश्वास ठेवतात आणि दुसरं गिऱ्हाईक पाठवतात. बॅनरवाल्यानेच मला त्याच्या मेहुण्याच्या खताच्या दुकानात नेलं होतं.

प्रोग्रॅम आधी, सिस्टीम नंतर

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. २००५ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं. पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. सिस्टीम विंडोजच होती. लोकांचा हात नव्या प्रोग्रॅमवर बसल्यावर, २००८ पासून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). विंडोज एक्सपीवरून व्हिस्टावर जायचं तरी शिकवावं लागणारच होतं, मग तेच शिक्षण उबुंटूवर का देऊ नये, असा तो हिशेब होता. ते दल आजही लिनक्सवर आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर बदलायचं जाहीर केलं, तिथेही आधी लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलची कामं करणारा मोफत संच) आणि मग लिनक्स असाच क्रम धरला.

म्युनिकची गोष्टही डोळ्यांसमोर असू द्या. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशीन बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे फिरायचा ठराव केला. मधल्या काळात वरचे लोक बदलले होते, बाहेरून येणाऱ्या फाइली नीट उघडत नसल्याच्या तक्रारी साचत गेल्या होत्या, आणि वेगवेगळ्या खात्यांचा आयटी कारभार एका हातात नव्हता. एवढी मोठी महापालिका अशा रोजच्या कटकटींनी मागे फिरली, तर तीन मशीनच्या पेढीत त्या किती महाग पडतील ते समजून घ्या.

म्हणून मी विंडोजवरच सुरुवात करते. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी बसवते आणि दोन-तीन महिने तसंच चालू देते. लिबरऑफिस नुसतं बसवून निघून जाऊ नका. त्याच्या सेटिंगमध्ये अर्धा तास घालवा, कारण पहिलं मत तिथेच बनतं. ‘व्ह्यू’मधून ‘यूजर इंटरफेस’मध्ये जाऊन ‘टॅब्ड’ निवडा, म्हणजे वरची पट्टी वर्ड-एक्सेलसारखी दिसते. ‘टूल्स’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोड/सेव्ह’ उघडून फाइली वर्ड आणि एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह होतील असं ठेवा, नाहीतर दिवाणजींनी सीएला पाठवलेली फाइल सीएच्या ऑफिसात विचित्र दिसते आणि फोन तुम्हाला येतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया हे फॉन्ट बसवा. त्यांच्या अक्षरांची रुंदी अगदी तीच असल्यामुळे पानं हलत नाहीत. लोकेल, म्हणजे देश-भाषेचं सेटिंग, ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा आणि आकड्यांत लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर पडतात का ते कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये) एकदा तपासा. १,२५,००० ऐवजी १२५,००० दिसलं की अडत्याचा जीव घाबरतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मशीन आणि परतीची वाट

आत्ताची वेळ चांगली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. पेढ्यांमधली चौथ्या-सहाव्या पिढीची आय-थ्री मशीन त्यात बसत नाहीत, पण कामाला ती ठणठणीत आहेत. ‘शेठ, ही तीन मशीन अजून काही वर्षं चालतील, नवीन घ्यायची गरज नाही’ हे वाक्य ‘फुकट’पेक्षा कितीतरी लवकर पटतं, कारण त्यात वाचलेला पैसा खरा आहे आणि त्यांना तो मोजता येतो.

कोणतं लिनक्स, यावर आपण एकमेकांत तासन्‌तास बोलू शकतो. गिऱ्हाइकासमोर ती चर्चा करू नका. मी सगळीकडे लिनक्स मिंट बसवते. आठ जीबी रॅम असेल तर त्याचा सिनॅमन डेस्कटॉप, चार जीबी असेल तर हलका एक्सएफसीई. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, डबल क्लिकने फाइल उघडते, हाताच्या सवयी मोडत नाहीत. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, म्हणजे तोपर्यंत सिस्टीम बदलायचा विषय काढावा लागत नाही. तुम्हाला डेबियन किंवा फेडोरा हे लिनक्स जास्त हाताखालचं असेल तर ते बसवा, मात्र सगळीकडे तेच एक ठेवा. फोनवर ‘डावीकडचं तिसरं चित्र दाबा’ असं सांगताना समोर काय दिसतंय हे तुम्हाला न बघता माहीत असलं पाहिजे.

हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) घालाच. २५६ जीबीची पुरते. जुन्या मशीनचा वेग खरा तिथे वाढतो. एसएसडी घालायची म्हटल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप साधते, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ती सगळ्यात मोलाची आहे. जुनी डिस्क पुसू नका. ती काढा, विंडोज आणि सगळ्या डेटासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वर तारीख आणि मशीनचं नाव लिहा आणि शेठच्या हातात द्या. ‘ही तुमच्या तिजोरीत ठेवा. नाही आवडलं तर मला फोन करा, अर्ध्या तासात मशीन होतं तसं करून देईन.’ ज्याला परत फिरता येतं तो पुढे पाऊल टाकायला तयार होतो. ही डिस्क परत मागणारं क्वचितच कुणी भेटतं, पण ती तिजोरीत आहे म्हणूनच पहिल्या आठवड्यातली चिडचिड निभावून जाते.

डिस्क बदलणं शक्य नसेल आणि विंडोजच्या शेजारीच लिनक्स बसवायचं असेल तर आधी दोन गोष्टी पाहा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय काहीही हलवू नका.

बसवण्याआधी व्हेंटॉय केलेल्या, म्हणजे सिस्टीम थेट चालू करता येणाऱ्या, पेनड्राइव्हवरून मिंट तसंच चालू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, झोपेतून उठणं हे सगळं त्याच मशीनवर, त्याच जागेवर बघा. दुकानात चाललेलं वायफाय पेढीत चालेलच असं नाही.

प्रिंटर

लिनक्स पेढीत राहणार की जाणार हे प्रिंटर ठरवतो. बाकी सगळं छान असलं आणि पट्टी छापली नाही, तर त्या दिवशी पेढीत शेतकरी खोळंबून उभा असतो.

डॉट मॅट्रिक्सला घाबरायचं कारण नाही. एप्सन एलएक्स आणि टीव्हीएस एमएसपी या मशीन कप्सबरोबर (लिनक्सच्या छपाईच्या व्यवस्थेबरोबर) येणाऱ्या ‘एप्सन ९-पिन’ ड्रायव्हरवर चालतात. वेळ जातो तो कागदाच्या मापात. सलग कागद १० × १२ इंचांचा असतो, ते माप स्वतः तयार करून द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक पट्टी थोडी थोडी खाली सरकत जाते आणि दहाव्या पट्टीला नाव एका कागदावर, रक्कम दुसऱ्यावर. वीस पट्ट्या सलग छापून बघितल्याशिवाय उठू नका. मराठी मजकूर चित्र म्हणून छापला जातो, त्यामुळे वेग कमी पडतो, तेही आधी सांगा.

एचपीचे लेझर एचपीलिप या एचपीच्याच लिनक्स ड्रायव्हरवर चालतात. १०२० सारख्या जुन्या मॉडेलला वरून एक प्लगिन उतरवून घ्यावं लागतं, तेव्हा जाताना नेट असल्याची खात्री करा. एप्सनच्या शाईटाकीवाल्या एल मालिकेला कंपनीचाच लिनक्स ड्रायव्हर आहे, ब्रदरचंही तसंच. नव्या वायफाय प्रिंटरना तर बहुतेक वेळा ड्रायव्हर लागतच नाही. काही जुने, आपल्याकडे घरोघर पसरलेले लेझर प्रिंटर मात्र इतके छळतात की गिऱ्हाइकाला प्रिंटर बदलायचा सल्ला देणं जास्त प्रामाणिक. ओपनप्रिंटिंगच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून हे घरबसल्या कळतं.

मराठी

इथे आपण विंडोजपेक्षा पुढे जाऊ शकतो, आणि फार थोडे लोक याकडे लक्ष देतात. टंकलेखन करणारी माणसं तीन प्रकारची भेटतात. काहींना इनस्क्रिप्ट (सरकारी मानक कीबोर्ड) येतं, काही टायपिंगच्या परीक्षेतून टाइपरायटरचा रेमिंग्टन शिकून आलेली, आणि तरुण मुलं इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी. आयबस (कीबोर्ड बदलायची लिनक्सची सोय) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज बसवलंत की हे वेगवेगळे कीबोर्ड एका ठिकाणी मिळतात. रेमिंग्टनवाल्या माणसाला मात्र तासभर स्वतः वापरून बघू द्या. काही जोडाक्षरं त्याच्या बोटांना वेगळ्या जागी सापडतात, आणि बोटांची सवय बदलायला तो तयार आहे की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्हींची परीक्षा एका ओळीत होते: ‘दुसऱ्या वाऱ्याने ऑफिसचं कॅलेंडर फाडलं’. ऱ्या नीट उमटला, ऑ आणि कॅ सरळ आले, की निश्चिंत व्हा. फॉन्टमध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मी पत्रांसाठी आणि बिलांसाठी बसवते. वाचायला स्वच्छ आहे आणि जाड-बारीक वजनं भरपूर आहेत. लोहित देवनागरी रेड हॅटकडून आलेला, तोही ठेवा. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडा. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. घरातल्या आजोबांना हा फरक लगेच दिसतो.

कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली पत्रं असतील तर फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली की ती वाचता येतात. नवीन लिखाण मात्र युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) करायला लावा, म्हणजे ते व्हॉट्सॲपवर जाईल आणि शोधताही येईल.

दिवाणजी

होकार मालक देतो, पण सिस्टीम टिकवतो तो रोज तिच्यासमोर बसणारा माणूस. पंचवीस वर्षं पेढीचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला मालकासमोर ‘हे कुठं आहे?’ असं विचारावं लागलं तर तो मनातून दुखावतो, आणि त्याचं म्हणणं योग्यच आहे. त्यांना आधी शिकवा, शेठ नसताना, दुपारी जेवणानंतर. ‘दिवाणजी, तुम्हाला कसं सोयीचं पडेल?’ असं विचारून चित्रांची जागा त्यांनाच ठरवू द्या. मी डेस्कटॉपवरच्या चित्रांना मराठी नावं देते: ‘पट्टी’, ‘उधारी’, ‘बँक’, ‘ई-वे बिल’, ‘स्कॅन’. फायरफॉक्स आणि कॅल्क ही नावं त्यांना पाठ करायची गरजच काय?

मशीन बदलायचा दिवस निवडताना पंचांगाइतकंच हिशेबाचं वेळापत्रक पाहा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणं. तेव्हा २१ ते ३० मधला दिवस धरा. मार्च महिना पूर्ण सोडा. आमच्याकडे फेब्रुवारी ते मे हळदीची आवक असते, तेव्हा पेढीत बोलायलाही फुरसत नसते. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन, त्याच्या आधीचे पंधरा दिवसही नकोत. श्रावण-भाद्रपद सगळ्यात बरे.

एकाच दिवशी सगळी मशीन बदलू नका. आधी ज्याच्यावर फक्त ब्राउझर आणि पत्रव्यवहार चालतो ते बदला. महिनाभर ते कुरकुर न करता चाललेलं बाकीच्यांनी पाहिलं की दुसऱ्या टेबलावरून आपणहून विचारणा येते. पेनड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस यात आपली बाजू मांडतो. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह विंडोजवर घातला की फोल्डर गायब होऊन नुसते शॉर्टकट दिसतात. लिनक्सवर तो व्हायरस चालत नाही आणि खरे फोल्डर दिसतात. हे प्रत्यक्ष दाखवा. पण ‘आता काही धोका नाही’ असं कधीच म्हणू नका. खोट्या लिंक आणि ओटीपी मागणारे फोन कुठल्याही सिस्टीमवर माणसालाच फसवतात.

घरी

घरातलं काम सोपं आहे आणि वेगळंही. तिथे हिशेब वेगाचा आणि शांततेचा असतो. आजींना यूट्यूबवर कीर्तन ऐकायचंय, वहिनींना भिशीचा हिशेब आणि मुलांचे प्रोजेक्ट छापायचेत, काकांना शेअर बाजार. अक्षरं मोठी करा. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका आणि ‘नोटिफिकेशन दाखवू का’ हे विचारणंच बंद करा. ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडला’ असे जे खोटे इशारे उडत असतात ते बहुतेक तिथूनच आलेले असतात. ते थांबले की घरातली भीती कमी होते. मी हे अनेक घरांत पाहिलंय, आणि त्या आजी-आजोबांचा कॉम्प्युटरकडे बघायचा चेहराच बदलतो.

मोबाइलमधले फोटो आणण्यासाठी मिंटमध्येच असलेलं वॉर्पिनेटर दाखवा. ते अँड्रॉइडवरही मिळतं, वायर लागत नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं करा, मुलांना प्रशासकाचा पासवर्ड देऊ नका. मुलगी एमएस-सीआयटी करत असेल तर तिला वर्ड-एक्सेल विंडोजवरच शिकावं लागतं. त्यासाठी घरातलं एखादं मशीन तसंच राहू द्या, किंवा सराव संस्थेत करू द्या. परीक्षेच्या वर्षी प्रयोग नको.

पैसे, आणि फोन कोण उचलणार

सिस्टीम मोफत असली तरी तुमचं काम मोफत करू नका. पैसे न घेता बसवून दिलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि व्यवसायाला नेमकी जबाबदारीच विकत हवी असते. रेड हॅट या लिनक्स कंपनीने मोफत मिळणाऱ्या सोर्स कोडवर वर्षाच्या आधाराची वर्गणी घेऊन इतकी मोठी कंपनी उभी केली की २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. आपण पेढीपुरतं तेच करायचं. बिलावर स्पष्ट लिहा: एसएसडी, बसवणं, डेटा हलवणं, शिकवणं, वर्षाची देखभाल. देखभालीत काय येतं तेही लिहा: महिन्यातून एक फेरी, फोनवर मदत, मशीन बंद पडलं तर त्याच दिवशी हजर. जेवढं पाळता येईल तेवढंच लिहा.

महिन्याच्या फेरीत अपडेट बघा, टाइमशिफ्ट चालतंय का ते बघा. टाइमशिफ्ट सिस्टीम मागे नेतं, पण मूळ सेटिंगमध्ये ते दिवाणजींच्या फाइलींची प्रत ठेवत नाही, आणि हे बऱ्याच जाणत्यांनाही ठाऊक नसतं. फाइलींसाठी वेगळी बाहेरची डिस्क, आठवड्याला एकदा, आणि त्यातली एखादी फाइल खरंच परत आणून बघायची. दूरवरून बघण्यासाठी रस्टडेस्क किंवा एनीडेस्क ठेवा, गिऱ्हाइकाला विचारूनच.

एक प्रश्न प्रत्येक शेठ विचारतात आणि तो अगदी रास्त आहे: ‘ताई, उद्या तुम्ही नसलात तर? गावात हे कुणाला येतं?’ याला गोड बोलून उत्तर देता येत नाही, ते तयार ठेवावं लागतं. गावात किंवा शेजारच्या मिरजेत लिनक्स जाणणारा दुसरा एक जण गाठून त्याच्याशी आधीच ठरवा, तुमच्या गिऱ्हाइकांना तो बघेल आणि त्याच्या गिऱ्हाइकांना तुम्ही. मग प्रत्येक पेढीसाठी एक कागद करा. त्यावर कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती, प्रिंटरचं मॉडेल आणि ड्रायव्हर कुठून घेतला, बॅकअपची डिस्क कुठे, जुनी डिस्क कुठे, तुमचा नंबर आणि त्या दुसऱ्याचा नंबर. प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर शेठची सही, आणि ते तिजोरीत त्या जुन्या डिस्कशेजारी. बदल केलात की कागदही बदला, तारीख टाका आणि जुना फाडून टाका.